फळांतली साखर: कापून, पिळून, सुकवून, की दिवसभर नुसती फळंच?

एप्रिल उजाडला की आमच्या घरी एकाच डायनिंग टेबलावर दोन सल्ले समोरासमोर येऊन बसतात. एक मामांच्या मधुमेहाच्या फाईलमधला: ‘आंबा, केळं, चिकू, द्राक्षं, सीताफळ बंद.’ दुसरा भावजयीच्या मोबाईलमधला: ‘दुपारी बारापर्यंत फक्त फळं, हवी तेवढी. निसर्गाची साखर आहे, काही होत नाही.’ मधोमध गवतात घातलेली आंब्याची पेटी, आणि घरभर तिचा वास. दोघंही मला विचारतात, कारण घरात रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे.

माझं मत आधीच सांगते. अख्खं फळ चावून खाल्लं तर त्यातली साखर बहुतेकांना बाधत नाही. बाधतं ते फळाचं रूप बदलणं. आणि ताटातलं काय उचलून त्या जागी फळ ठेवलं, यावरही बरंच ठरतं. ‘हे फळ किती गोड?’ हा प्रश्न त्यानंतरचा. आपण मात्र नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

साखर तीच, वाट वेगळी

‘निसर्गाची साखर’ हा युक्तिवाद लंगडा आहे. आंब्यातलं सुक्रोज आणि साखरेच्या डब्यातलं सुक्रोज हा एकच रेणू. ऊस काही कारखान्यात उगवत नाही, आणि मध तर माश्या करतात. फळात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज असतात, फक्त प्रमाण फळागणिक बदलतं. सफरचंदात फ्रुक्टोज जास्त, आंब्यात सुक्रोजचा वाटा मोठा.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा अख्ख्या फळातली साखर त्यात धरली नाही. त्यांनी धरली ती ‘मुक्त साखर’: वरून घातलेली साखर, मध, पाक, आणि फळांचा रससुद्धा. रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० उष्मांक धरले तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्राम होतात. संत्रं सोलून खाल्लं तर त्यातली साखर हिशेबाबाहेर, तेच संत्रं पिळलं की हिशेबात. मला आधी ही कारकुनी वाटली होती. मग तिच्यामागचं शरीराचं काम समजलं.

फळातली साखर पेशींच्या भिंतींआड कोंडलेली असते. दातांनी त्या भिंती थोड्याफार फोडायच्या, जठराने उरलेलं दळायचं, मग ती साखर हळूहळू आतड्यात उतरणार. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा भार मात्र मुख्यतः आतडं आणि लिव्हर उचलतात. २०१८ साली प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की फ्रुक्टोज थोडं थोडं आलं तर लहान आतडंच त्याची बरीचशी विल्हेवाट लावतं. एकदम मोठा लोंढा आला की आतड्याची ताकद संपते आणि उरलेलं लिव्हरकडे जातं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण दारात पाहुणे एकेक करून आले तर चहा होतो आणि अख्खी बस रिकामी झाली तर होत नाही, हे कोणालाही कळेल.

माणसांवरचा जुना आणि मला फार आवडणारा प्रयोग १९७७ सालचा, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आलेला. दहा निरोगी माणसं. तिन्ही रूपं सफरचंदाचीच: अख्खं फळ, त्याचा लगदा, आणि तंतू काढलेला रस. तिन्हींत पचणारी कर्बोदकं ६० ग्राम. रस प्यायला अख्ख्या सफरचंदांच्या अकरापट कमी वेळ लागला आणि लगद्याच्या चौपट कमी. पोट भरल्याची भावना रसाने सगळ्यात कमी, अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त. रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं, आणि मग रक्तातली साखर खालीही जास्त घसरली. म्हणजे पुन्हा भूक.

पाच संत्र्यांची गोष्ट

यावर माझा विश्वास बसला तो मात्र स्वयंपाकघरात. थंडीत नागपुरी संत्री आणली होती. पाच संत्री पिळली, एक ग्लास भरला. उभ्या उभ्या, फोनवर बोलता बोलता संपवला. ग्लास विसळून ठेवला तरी समोरच्या बाईचं वाक्य संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच संत्री ताटलीत घेऊन बसले. सोला, शिरा काढा, बिया थुंका. दोन संपली. तिसऱ्याच्या चार फोडी कशाबशा गेल्या. उरलेली अडीच संध्याकाळपर्यंत ताटलीतच होती. मला कोणी थांबवलं नव्हतं, पोटानेच थांबवलं. रस पिताना पोटाला मत द्यायला वेळच मिळाला नव्हता.

बिनसाखरेचा २५० मिली संत्र्याचा रस घेतला तर साखर २० ग्रामच्या वर जाते. गाडीवर ‘शुगर सिरप’ची पळी पडते ती वेगळी, आणि ‘साखर घालू नका’ म्हणेपर्यंत ती पडलेली असते. द्राक्षरसाचा आकडा तर थंड पेयांनाही मागे टाकतो: ३०० मिली कोल्यात साधारण ३२ ग्राम साखर, तेवढ्याच द्राक्षरसात ४० च्या वर. रसात जीवनसत्त्वं असतात, कोल्यात नसतात, हा फरक खरा. पण लिव्हरच्या दारात उभी राहणारी बस तेवढीच मोठी.

मोठ्या पाहण्या हेच सांगतात. २०१३ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांचे तीन दीर्घ अभ्यास एकत्र करून मांडले गेले. माणसं १ लाख ८७ हजारांवर. अख्खी ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांना टाइप २ मधुमेह कमी झाला. ज्यूस पिणाऱ्यांना जास्त. आठवड्यातून तीन वेळचा ज्यूस सोडून तेवढ्या वेळा अख्खं फळ घेतलं तर धोका सरासरी ७ टक्क्यांनी कमी, असं गणित निघालं. सगळीच फळं गुणी ठरली नाहीत. खरबुजाच्या एका जातीचा संबंध थोड्या जास्त धोक्याशी दिसला. ‘गोड म्हणजे वाईट’ हे सूत्र मात्र पार कोलमडलं, कारण आपल्या फाईलीत ‘बंद’ असलेली द्राक्षं तिथे चांगल्या यादीत होती.

इथे एक पथ्य पाळायला हवं. अशा पाहण्यांत फळं खाणारी माणसं सिगारेट कमी ओढतात, चालायला जातात, त्यांच्याकडे पैसेही जरा बरे असतात. संशोधक त्याची वजाबाकी करतात, पण ती पूर्ण होत नाही. म्हणून ‘द्राक्षांनी मधुमेह टळतो’ असं मी म्हणणार नाही. ‘द्राक्षांनी मधुमेह होतो’ याला आधार नाही, एवढं छातीठोकपणे म्हणेन.

फळाफळांत काय फरक

हा तक्ता १०० ग्राम खाण्याजोग्या गराचा, ठोकळ. जात, पिकण्याची पायरी आणि हंगाम यांनी आकडे पुढेमागे होतात.

| फळ | साखर (ग्राम) | फायबर (ग्राम) | उष्मांक |
|---|---|---|---|
| कलिंगड | ६ | ०.४ | ३० |
| पपई | ८ | १.७ | ४३ |
| पेरू | ९ | ५.४ | ६८ |
| संत्रं | ९ | २.४ | ४७ |
| सफरचंद | १० | २.४ | ५२ |
| केळं | १२ | २.६ | ८९ |
| आंबा | १४ | १.६ | ६० |
| डाळिंब | १४ | ४ | ८३ |
| द्राक्षं | १५ | ०.९ | ६९ |
| बेदाणे | ६० च्या आसपास | ४ | ३०० |

चिकू आणि सीताफळ मुद्दाम वेगळे ठेवले. त्यांची एकूण कर्बोदकं २० ते २४ ग्राम, म्हणजे वजनाला वजन आंब्याहून जड. पण फायबरही साडेचार-पाच ग्राम, आणि सीताफळ खायला लागतो तो वेळ तर विचारूच नका. बिया चोखत बसलेल्या माणसाच्या रक्तातली साखर घाईने वाढायला सवड कुठे?

पेरूवर माझा जीव आहे, त्यामुळे पक्षपात समजून घ्या. साखर ९, फायबर पाचाच्या वर, आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. मधुमेहवाल्या घरात एकच फळ ठेवायचं झालं तर मी पेरू ठेवेन. सफरचंदाला आपल्याकडे पेशंटला भेटायला जायचं फळ म्हणून जो मान आहे, तो त्याच्या आकड्यांतून कुठे दिसत नाही.

कलिंगड उगाच बदनाम आहे. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, चढा दिसतो, पण त्यात पाणीच इतकं की दोन फोडींत साखर फारशी जातच नाही. इंडेक्स मोजतात तो ठरावीक कर्बोदकांवर, आणि तेवढी गोळा करायची तर कलिंगडाचा मोठा वाडगा रिचवावा लागतो. केळ्याचं वेगळंच. हिरवटसर केळ्यात स्टार्च जास्त, त्यातला काही पचतही नाही. साल ठिपक्याठिपक्यांची झाली की त्याचीच साखर झालेली असते. तेच केळं, पण चार दिवसांनी दुसरं फळ.

आमरस, शेक आणि बेदाणे

आता नाजूक जागा. आमरस हा ज्यूस नव्हे, त्यात गर सगळा असतो. पुरणयंत्रातून काढलात तर रेषा मागे राहतात, हाताने पिळलात तर बऱ्याचशा येतात. साखरेपेक्षा इथे गडबड करतो तो वेग, आणि वाटी. मागच्या वर्षी काट्यावर मोजलं: तीन मध्यम हापूसचा गर सव्वाचारशे ग्राम भरला. दोन वाट्या रस. वरच्या तक्त्याने साखर ६० ग्रामच्या घरात, तीही कोणी वरून चमचा घातला नाही तर. जोडीला पुऱ्या, आणि वाटी रिकामी दिसली की आग्रह. तीन आंबे कापून खायला बसलं तरी आमच्यातले काही जण खातात, हे नाकारत नाही. पण निदान कोय चोखताना हात राड होतात, उठावं लागतं.

म्हणून आमरसाला मी सणाच्या पंगतीत बसवते, फळांच्या यादीत नाही. एक वाटी रस घ्यायचा तर त्या जेवणातल्या पुऱ्या दोन, भात नाही. आंबा रोज हवा असेल तर फोडी करून, पावसाळा लागेपर्यंत खुशाल.

शेकचं गणित त्याहून वाईट. मस्तानीला मी काही बोलणार नाही, पुण्यात राहायचंय. पण घरचा ‘हेल्दी’ मँगो शेक म्हणजे आंबा, दूध, साखर, कधी आइस्क्रीम. भावजयीच्या स्मूदीत निदान साखर नसते. मिक्सरमधून काढलं म्हणून फायबर ‘मरतं’ असं नाही, ते बारीक होतं. पण दोन केळी, एक सफरचंद, मूठभर द्राक्षं आणि चार खजूर हे सगळं चमच्याने, पंधरा मिनिटं बसून कोण खाणार? ग्लासातून ते तीन मिनिटांत उतरतं. स्मूदी करायचीच असेल तर एका फळाची, दह्यात, आणि चमच्याने खाण्याइतकी दाट.

सुकामेवा मधल्या पायरीवर. सांगली-तासगावकडे एक किलो बेदाणा करायला चार किलोंवर द्राक्षं लागतात, एवढ्या एका वाक्यात त्याचं मर्म आलं. पाणी गेलं, साखर राहिली. ३० ग्राम बेदाण्यांत साखर १८ ग्रामच्या आसपास, आणि ३० ग्राम म्हणजे टीव्हीसमोर बसल्या बसल्या गेलेली एक मूठ. तरी बेदाण्याला साखरेच्या पंक्तीला बसवणंही अन्यायाचं. वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणीत द्राक्षं आणि बेदाणे एकाच खात्यात मोजले होते, आणि ते खातं चांगलं निघालं. मोजून दहा-पंधरा दाणे शेंगदाण्यांबरोबर घेतले तर माझी काही हरकत नाही. टूटीफ्रूटी, पाकवलेला आवळा आणि साखर घातलेली आंबापोळी यांना मात्र फळ म्हणू नका.

फळ कशाच्या जागी?

मामांना आंबा बंद होता, पण चार वाजताच्या चहाबरोबर बिस्किटं चालू होती. ‘गोड नाहीत ना ती!’ मैदा आणि साखर मिळून शंभर ग्राम बिस्किटांत कर्बोदकं ७० च्या वर. चार बिस्किटांच्या जागी एक पेरू, किंवा आंब्याची एक बाजू, हा सौदा फायद्याचाच. दिल्लीत टाइप २ मधुमेह असलेल्यांवर आठ आठवड्यांचा एक छोटा प्रयोग झाला. २०२५ साली त्याची बरीच चर्चा होती. न्याहारीतल्या पावाच्या जागी २५० ग्राम आंबा दिला, आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, वाढायच्या ऐवजी सुधारली. माणसं ३५ च, त्यामुळे त्यावर आंब्याची पेटी मागवू नका. ‘ऐवजी’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. पाव काढला, मग आंबा आला. आपण जेवण तसंच ठेवतो आणि वर आंबा घेतो.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली नुकताच मधुमेह कळलेल्या ६३ जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला दिवसाला किमान दोन फळं, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये फरक दिसला नाही. संशोधकांचं म्हणणं सरळ होतं: फळं तोडायला सांगू नका. चीनमध्ये पाच लाख लोकांचा सात वर्षं माग काढलेला अभ्यास २०१७ साली आला. त्यात आधीच मधुमेह असलेल्यांपैकी जे आठवड्यातून तीनहून जास्त दिवस ताजं फळ खात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी दिसलं. पाहण्यांची मर्यादा इथेही आहेच, पण दिशा तीच.

आणि आपल्याकडे मुळात फळं खातो किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत रोजच्या ताटात फळं १०० ग्राम आहेत आणि भाज्या ४०० ग्राम. १०० ग्राम म्हणजे एक केळं. ज्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या पाहणीप्रमाणे १० कोटींवर मधुमेही आहेत, तिथे ते त्या एका केळ्याने झाले असं मानायचं, आणि पांढऱ्या भाताचा डोंगर, साखरेचे चार चहा आणि बसून काढलेले दहा तास यांना सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

दोन फळं, सहा फळं, की नुसतीच फळं?

दोन-तीन फळं रोज, कोणत्याही निरोगी माणसाने डोळे मिटून खावीत. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पाच-सहा फळं, म्हणजे ६०० ग्रामपर्यंत. इथेही साखरेमुळे काही बिघडेल असं मला दिसत नाही, जर फळं अख्खी असतील आणि उरलेल्या ताटात डाळ, अंडी, मासे, दही, दाणे यांपैकी काही नीट असेल. १९७१ साली दक्षिण आफ्रिकेत १७ जणांना बराच काळ मुख्यतः फळांवर, जोडीला दाण्यांवर ठेवलं होतं. त्यांच्या साखरेत वा चरबीत बिघाड झाला नाही. २००१ साली टोरांटोत दोन आठवडे भाज्या, फळं आणि बदामासारख्या दाण्यांचा प्रचंड फायबरचा आहार दिला, तर एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल तिसऱ्या हिश्शाने उतरलं. पण लक्षात घ्या, दोन्हीकडे फळांबरोबर दाणे होते, आणि कोणी ग्लास हातात दिला नव्हता. शिवाय ही मोजकी, निवडलेली माणसं. सकाळी सात वाजता डबा भरून लोकल पकडणाऱ्या बाईने रोज दोन किलो फळं चावायची म्हटलं, तर जबडा आधी संप करेल.

आता नुसतीच फळं. इथे माझा विरोध पक्का आहे, आणि साखर हे त्याचं मुख्य कारण नाही. साधा हिशेब करा. दिवसाचे १८०० उष्मांक केळ्यांतून काढायचे तर वीस केळी लागतील. साखर २४० ग्राम. फायबर ५२ ग्राम, म्हणजे पोट फुगून तंबोरा. आणि प्रथिनं? २२ ग्राम. साठ किलोच्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने, किलोला ०.८३ ग्राम धरून, ५० ग्राम लागतात. अर्धीही नाहीत. बी१२ शून्य. कॅल्शियम, जस्त, लोह, चांगली चरबी, सगळीकडे खड्डा. पहिल्या दोन आठवड्यांत वजन उतरतं, चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि मग स्नायू झिजतात, केस गळतात. ते फोटो कोणी टाकत नाही. दातांचंही आहेच. दिवसभर थोडं थोडं आंबटगोड तोंडात घोळत राहिलं की इनॅमल मऊ पडतं.

भावजयीच्या ‘बारापर्यंत फळं’ प्रकाराला मात्र मी पूर्ण नापास करणार नाही. सकाळचे वडापाव, चहा-टोस्ट त्याने सुटले, हा फायदा निखळ आहे. तो फळांच्या जादूचा नाही, टोस्ट सुटल्याचा आहे, इतकंच. तिला सांगितलं, फळांबरोबर दह्याची वाटी किंवा दोन अंडी घे. ती म्हणाली, ‘वन्सं, मग ते डिटॉक्स कसं राहील?’ म्हटलं, डिटॉक्स करायला लिव्हर आहे, तिला पगार मिळत नाही म्हणून तू विसरतेस.

उपासाचाही विषय निघतोच. नवरात्रात ‘फळांवर’ असणारे बहुतेक जण खरं तर साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू आणि गोड ताकावर असतात. त्यात बिचारं केळं एक. तेव्हा उपासानंतर साखर वाढलेली दिसली तर केळ्याला धरू नका.

कोणाला कुठे थांबायचं

मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत: एका वेळी एक मुठीएवढं फळ, दिवसातून दोनदा, जेवणावर न घेता मधल्या वेळी, जोडीला चारपाच बदाम किंवा मूठभर शेंगदाणे. आंबा असेल तर अर्धा. रस फक्त साखर एकदम उतरून घाम फुटला तर, तेव्हा मात्र लगेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस बदलायचं डॉक्टरांशी बोलून, माझं वाचून नव्हे.

फॅटी लिव्हर निघालं असेल तर पहिल्यांदा थंड पेयं, ज्यूस, मिठाई आणि दारू जायला हवी. अख्खी फळं शेवटच्या नंबरावर, आणि बहुधा तिथपर्यंत जायची वेळ येत नाही.

किडनीचा त्रास असेल तर खेळच बदलतो. तिथे साखर नाही, पोटॅशियम बघायचं. केळं, संत्रं, शहाळ्याचं पाणी, ज्यांना आपण डोळे झाकून ‘हलकं’ म्हणतो, तीच अडचणीची. आणि कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, किडनीच्या रुग्णांनी तोंडातही घालू नये. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. अधू किडनीला ते जमत नाही, आणि उचकीपासून झटक्यांपर्यंत, क्वचित जिवावर बेतेपर्यंत मजल जाते. कोकण-गोव्यात परसात हे झाड असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सफरचंद, आंबा, कलिंगड खाल्ल्यावर पोट गुबारा होत असेल तर फ्रुक्टोज नीट शोषलं जात नसण्याची शक्यता आहे. संत्रं, पपई, थोडी द्राक्षं घेऊन बघा.

आणि स्वतःपुरतं तपासायचं तर ग्लुकोमीटर आहेच. फळाआधी एकदा, दोन तासांनी एकदा, तीनचार वेगवेगळ्या फळांना. एक मेख मात्र समजून घ्या: ते यंत्र फक्त ग्लुकोज मोजतं, फ्रुक्टोज त्याला दिसतच नाही. तेव्हा ‘ज्यूस प्यायलो, आकडा फारसा हलला नाही’ म्हणून ज्यूसला प्रमाणपत्र देऊ नका.

दुसरी मेख मामांमुळे कळली. जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी संत्रं सोललं, खाल्लं, आणि उत्साहाने तिथेच बोट टोचलं. आकडा तीनशेच्या वर. मामी घाबरली, टोपलीतली उरलेली तीन संत्री उचलून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात लपवली, आणि मला फोन लावला. मी विचारलं, ‘मामा, हात धुतलेत?’ म्हणाले, ‘स्पिरिटच्या बोळ्याने पुसलंय की.’ सालीचा रस बोटाला असला की तोच रक्ताच्या थेंबात उतरतो, आणि स्पिरिटने तो नीट जात नाही. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली हेच तपासून दाखवलं होतं: फळ सोललं की पाण्याने हात धुवायचे, मग टोचायचं. मामा बेसिनपाशी गेले, साबण लावून हात धुतले, पंच्याने कोरडे केले. दुसऱ्या बोटाचा आकडा दीडशेच्या आत आला. मामीने फ्रिज उघडला आणि काही न बोलता तीन संत्री परत टोपलीत ठेवली.